भात किती, तांदूळ किती? : पॉवर बँकेच्या खरेदीचा हिशेब

(तृतीय वर्ष, वाणिज्य शाखा)

ग्राहक हा बाजाराचा राजा आहे, हे वाक्य वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावीपासून इतक्या वेळा लिहिलेले असते, की त्याचा अर्थ एकदा तपासून पाहावा असे त्याला सहसा वाटत नाही. आपण काय विकत घेत आहोत हे ज्याला कळते तोच राजा. पण ज्या वस्तूच्या खोक्यावर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष हाती येणारा माल यांत मुळातच अंतर असते, तिच्या बाबतीत या राजाची स्थिती काय होते? हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात एक अगदी साधी वस्तू निवडली आहे. ती म्हणजे मोबाइल फोन चार्ज करण्याची, खिशात मावणारी पॉवर बँक.

हा हिशेब मांडताना सिल्वासा हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. दादरा व नगर हवेलीचे हे मुख्य ठिकाण. ज्या मुक्तिसंग्रामात संगीतकार सुधीर फडके सहभागी झाले होते, त्या संग्रामाने २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त केले. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह तो एकच केंद्रशासित प्रदेश झाला. १९८० नंतरच्या करसवलतींमुळे आमली, मसाट, पिपरिया या भागांत कारखाने उभे राहिले आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, महाराष्ट्र येथून कामगार आले. गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही, सर्वांत जवळचे स्थानक वापी. खानवेलच्या बाजूला डोंगर, पाडे आणि भाताची शेती. म्हणजे एकाच लहान प्रदेशात पाळीवर जाणारा कामगार, लांबच्या गाडीने गावी निघालेला प्रवासी, पाड्यावरून येणारा विद्यार्थी, असे सगळे भेटतात. पॉवर बँकेचे गिऱ्हाईक ते हेच. त्यांच्यातील पुष्कळांना ती एका दिवसाच्या मजुरीइतक्या किंवा त्याहून अधिक किमतीला घ्यावी लागते. म्हणून ती कशी निवडावी हा प्रश्न किरकोळ नाही.

आकड्याचा अर्थ

पॉवर बँकेवर १०,००० किंवा २०,००० एमएएच असा आकडा ठळक छापलेला असतो. एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-तास. साध्या भाषेत, किती प्रवाह किती तास देता येईल याचे हे माप. फोनच्या बॅटरीवरही हेच माप असते. आजच्या पुष्कळ फोनांची बॅटरी ५,००० एमएएचची आहे. म्हणून गिऱ्हाईक सरळ भागाकार करते : १०,००० भागिले ५,०००, म्हणजे फोन दोन वेळा पूर्ण भरणार. प्रत्यक्षात तो दीड वेळाच भरतो, आणि मग दुकानदाराने फसवले असे वाटते. पुष्कळदा दुकानदाराने फसवलेले नसते. भागाकारच चुकीच्या मापाने झालेला असतो.

आमच्या भागातील शेतकऱ्याला हा फरक चटकन समजेल. १०० किलो भात गिरणीत नेले तर १०० किलो तांदूळ घरी येत नाही. सरकारी हिशेबात साध्या तांदळाचा उतारा ६७ टक्के धरतात. भाताचे पोते विकणाऱ्याने वजन खोटे सांगितलेले नसते, पण ताटात भात वाढायचा तो तांदळाच्या हिशेबाने. पॉवर बँकेवरचा मोठा आकडा हा भाताचा आहे, फोनला मिळतो तो तांदूळ.

हे कसे होते ते पाहू. पॉवर बँकेच्या आत लिथियमचे सेल असतात. त्यांचा विद्युत दाब सरासरी ३.७ व्होल्ट असतो. १०,००० एमएएच हा आकडा या दाबावरचा आहे. खरी साठवण मोजायची तर प्रवाहाला दाबाने गुणावे लागते. १०,००० मिलीअँपिअर-तास म्हणजे १० अँपिअर-तास, त्याला ३.७ ने गुणले की ३७ वॉट-तास. हेच खरे माप. मात्र केबलमधून वीज बाहेर पडते ती निदान ५ व्होल्टने, म्हणून आतले सर्किट दाब वाढवते. ३७ वॉट-तास त्याच राहतात, पण ५ व्होल्टच्या हिशेबाने त्या ७,४०० एमएएच होतात. येथे लक्षात ठेवावे की हा तोटा नव्हे, येथे केवळ माप बदलले. शेरांऐवजी किलोत मोजावे तसे. खरा तोटा पुढे होतो. दाब बदलताना काही वीज उष्णतेच्या रूपाने जाते. चांगल्या सर्किटातही १० ते १५ टक्के जाते. मग सुमारे ६,३०० ते ६,६०० एमएएच उरतात. प्रामाणिक उत्पादक हा आकडाही बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ या नावाने छापतात. १०,००० च्या पॉवर बँकेवर तो साधारण ५,५०० ते ६,५०० असतो. भाताच्या उताऱ्याशी तो इतका जवळ यावा हा योगायोगच, पण लक्षात ठेवण्यास सोयीचा.

आता फोनकडे येऊ. फोनच्या ५,००० एमएएच बॅटरीचा दाब साधारण ३.८५ व्होल्ट धरला तर तिची साठवण सुमारे १९ वॉट-तास होते. पॉवर बँकेच्या ३७ पैकी १५ टक्के वजा जाता ३१ वॉट-तास केबलपर्यंत पोहोचतात. फोन चार्ज होताना तोही थोडा तापतो, त्यात आणखी दहाएक टक्के जातात. राहिल्या २८. त्यांना १९ ने भागले की उत्तर येते सुमारे दीड. म्हणून नियम असा : खोक्यावर वॉट-तास शोधावेत, त्यांचे तीन-चतुर्थांश करावे आणि त्याला आपल्या फोनच्या वॉट-तासांनी भागावे. एमएएचचा मोठा आकडा वाचून हुरळून जाऊ नये.

वजनाची कसोटी

वरच्या हिशेबात आपण आकडा खरा धरला. आकडाच खोटा असेल तर? येथे तराजू उपयोगी पडतो.

पॉवर बँकेत दोन प्रकारचे सेल आढळतात. एक गोल नळीसारखे, ज्यांना १८६५० म्हणतात. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, म्हणून हे नाव. दुसरे चपट्या पाकिटासारखे, लिथियम पॉलिमरचे. १८६५० जातीच्या उत्तम सेलची क्षमता सुमारे ३,५०० एमएएच आणि वजन ४५ ते ५० ग्रॅम असते. म्हणजे १०,००० एमएएचसाठी असे निदान तीन सेल हवेत, साध्या प्रतीचे असले तर चार किंवा पाच. सेलांचेच वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास किंवा वर जाते, त्यावर सर्किट आणि कवच. म्हणून १०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण १८० ते २५० ग्रॅम भरते, आणि २०,००० ची ३५० ते ४५० ग्रॅम.

आता कोणी ५०,००० एमएएच लिहिलेली, तळहातावर मावणारी, दोनशे ग्रॅमची पॉवर बँक पुढे केली तर काय समजावे? ५०,००० एमएएच म्हणजे १८५ वॉट-तास. उत्तम प्रतीचे सेल घेतले तरी पंधरा लागतील आणि केवळ त्यांचेच वजन सातशे ग्रॅम होईल. दोनशे ग्रॅममध्ये ते बसणे शक्य नाही. येथे विज्ञानाच्या पदवीची गरज नाही. पोते उचलून पाहिले की आत भात आहे की कोंडा हे कळते. मात्र उलट अर्थाने ही कसोटी लावू नये. जड आहे म्हणून चांगली, असे होत नाही. कवचात वजन वाढवण्यासाठी दुसरे काही भरणे सोपे असते. कसोटी एवढेच सांगते की अमुक वजनापेक्षा हलकी असेल तर आकडा खोटा आहे.

वेग : भरण्याचा आणि रिकामे करण्याचा

क्षमतेनंतर वेगाचा विचार करावा लागतो. वेग वॉटमध्ये मोजतात. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १० वॉट. पुष्कळ पॉवर बँका १८, २०, २२.५ वॉटने वीज देतात, काही त्याहून अधिक. पण खोक्यावरचा सर्वांत मोठा वॉट प्रत्येक फोनला मिळतोच असे नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांची जलद चार्जिंगची भाषा निरनिराळी आहे. पॉवर बँक आणि फोन यांना एकमेकांची भाषा कळली नाही तर दोघेही साध्या वेगावर उतरतात. ‘पॉवर डिलिव्हरी’ ही पद्धत आता सर्वांत सर्वमान्य, म्हणून आपला फोन आणि पॉवर बँक दोन्ही ती जाणतात का हे पाहावे. टाइप-सी जोडणी असेल तर एकच केबल दोन्हीकडे चालते. केबल हलकी असली तरीही वेग घटतो.

गिऱ्हाईक बहुधा बाहेर जाणाऱ्या विजेचा वेग विचारते. आत येणाऱ्या विजेचा वेग कोणी विचारत नाही. बारा तासांच्या पाळीवरून आलेल्या आणि एका खोलीत पाच-सहा जणांबरोबर एकच प्लग वाटून घेणाऱ्या कामगाराला दुसरा वेगच अधिक महत्त्वाचा असतो. १० वॉटने भरणारी १०,००० ची पॉवर बँक पूर्ण व्हायला साडेचार-पाच तास लागतात. तीच १८ वॉटने भरणारी असेल तर तीनएक तास पुरतात. म्हणून ‘इनपुट’ हा शब्द शोधून त्यापुढचा आकडा वाचावा.

आणखी एक बारकावा. साध्या बटणाच्या फोनला किंवा कानातल्या छोट्या यंत्रांना फार थोडा प्रवाह लागतो. तो पाहून काही पॉवर बँका काम संपले असे समजतात आणि आपोआप बंद होतात. घरात असा फोन असेल तर कमी प्रवाहाची सोय आहे का हे घेण्यापूर्वी विचारावे.

आत काय असते

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या वजनात एवढी वीज साठवणारे दुसरे स्वस्त साधन अजून रोजच्या वापरात नाही. पण हा गुण आणि धोका एकाच ठिकाणी राहतात. सेलच्या दोन ध्रुवांमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो आणि आतला द्रव ज्वलनशील असतो. सेल गरजेपेक्षा अधिक भरला, चेपला, फार तापला किंवा मुळातच सदोष बनला तर तो पडदा फाटतो. दोन ध्रुव एकमेकांना भिडतात, उष्णता वाढते आणि वाढलेली उष्णता आणखी उष्णता निर्माण करते. त्यापुढे ती आग आटोक्यात आणणे कठीण.

हे टाळण्यासाठी आत एक रक्षक सर्किट असते. सेल भरला की ते वीज तोडते, फार रिकामा झाला तरी तोडते, तापला तरी तोडते. कवच उघडल्याशिवाय हे सर्किट दिसत नाही. म्हणून स्वस्त माल बनवणारा पहिली काटकसर येथेच करतो. दुसरी काटकसर सेलांमध्ये. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, आयुष्य संपत आलेले सेल नव्या चकचकीत कवचात बसवता येतात.

मोठ्या नावाची कंपनीही या धोक्याच्या पलीकडे नाही. जून २०२५ मध्ये अँकर या कंपनीने आपल्या एका जातीच्या ११ लाखांहून अधिक पॉवर बँका अमेरिकेच्या बाजारातून परत मागवल्या. त्याच महिन्यात चीनमध्ये रोमॉस कंपनीने ४ लाख ९० हजारांहून अधिक परत मागवल्या. फरक असा की त्या मालावर जातीचा क्रमांक होता, कंपनीचा पत्ता होता, म्हणून परत मागवणे शक्य झाले. ज्या मालावर नावच नाही, तो कोण परत मागवणार?

विमानप्रवासाचा नियमही याच धोक्यातून आला आहे. पॉवर बँक सामानाच्या डब्यात देता येत नाही, हातातच ठेवावी लागते. मर्यादा १०० वॉट-तासांची, म्हणजे सुमारे २७,००० एमएएच. १०० ते १६० वॉट-तासांपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे बंदी. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसान येथे विमानतळावर उभ्या असलेल्या विमानाला आग लागली. तिचे कारण पॉवर बँक असण्याची शक्यता तपास यंत्रणेने मांडली. तेव्हापासून अनेक देशांनी नियम अधिक कडक केले. ज्या खोक्यावर वॉट-तास छापलेले नाहीत, ते विमानतळावरही अडचणीचे ठरते.

खोक्यावर काय वाचावे

मग आत न पाहता आतले ओळखायचे कसे? यासाठी शासनाने एक वाट करून ठेवली आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत २०१४ च्या आदेशाने पॉवर बँकेचा समावेश झाला. नोंदणी नसलेली पॉवर बँक भारतात बनवणे, आयात करणे किंवा विकणे कायद्याविरुद्ध आहे. नोंदणी झालेल्या मालावर ब्यूरोची खूण असते आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षरापुढे आठ आकड्यांचा क्रमांक असतो. खूण छापणे कोणालाही जमते, म्हणून क्रमांक तपासावा. ‘बीआयएस केअर’ नावाच्या मोफत अॅपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाची, कोणत्या वस्तूची नोंदणी आहे ते दिसते. क्रमांक चार्जरचा निघाला आणि हातात पॉवर बँक असेल, तर काय ते समजून घ्यावे. हे काम दुकानाच्या पायरीवर उभे राहून दोन मिनिटांत होते.

याशिवाय वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, आयात माल असल्यास मूळ देश, कमाल किरकोळ किंमत, महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे सर्व असावे लागते. महिना व वर्ष विशेष पाहावे. लिथियमचा सेल वापरला नाही तरी हळूहळू म्हातारा होतो.

एका युनिटची किंमत

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्याचा खरा विषय. स्वस्त म्हणजे काय?

दोन पॉवर बँका कल्पू. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. पहिली ५०० रुपयांची. वर २०,००० लिहिले आहे, नोंदणी क्रमांक नाही. आत प्रत्यक्षात ४,००० एमएएचचे जुने सेल आहेत आणि सर्किट हलके आहे. तिच्यातून एका वेळी सुमारे ११ वॉट-तास बाहेर येतात आणि १५० वेळा भरून ती निकामी होते. दुसरी १,२०० रुपयांची. वर १०,००० लिहिले आहे आणि ते खरे आहे. नवी असताना ३१ वॉट-तास देते. सेल जुने होतील तसे कमी होणार, म्हणून सरासरी २८ धरू. लिथियमचे चांगले सेल ३०० ते ५०० वेळा भरता येतात, आपण ४०० धरू.

पहिलीने आयुष्यभरात दिलेली वीज : ११ गुणिले १५०, म्हणजे १,६५० वॉट-तास. आपल्या मीटरच्या भाषेत १.६५ युनिट. किंमत ५०० रुपये. दर युनिटला सुमारे ३०० रुपये.

दुसरीने दिलेली वीज : २८ गुणिले ४००, म्हणजे ११,२०० वॉट-तास, ११.२ युनिट. किंमत १,२०० रुपये. दर युनिटला सुमारे १०७ रुपये.

पाचशेची वस्तू बाराशेच्या वस्तूपेक्षा जवळजवळ तिप्पट महाग पडली. भिंतीच्या प्लगमधून भरण्याचा खर्च यात धरलेला नाही, कारण तो नगण्य आहे. दुसरी पॉवर बँक एकदा पूर्ण भरायला युनिटचा विसावा भागही लागत नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की पॉवर बँकेतली वीज ही बहुधा आपण विकत घेतो ती सर्वांत महाग वीज. चांगली पॉवर बँकसुद्धा युनिटला शंभर रुपये लावते. ही अशी बँक आहे की जिच्यात ठेवीवर व्याज नाही, उलट प्रत्येक वेळी काढताना कमिशन कापले जाते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्याच्या खिशात एका वेळी बाराशे रुपये नाहीत, तोच तिप्पट दराने वीज घेतो. गरिबाला महागाई जास्त लागते हे आपण पुस्तकात वाचतो. ते येथे खिशातल्या डबीत दिसते.

असा बाजार टिकतो कसा?

तिप्पट महाग पडणारी वस्तू बाजारात टिकावी कशी, अशी शंका येथे संभवते. तिचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दिले. त्यांनी जुन्या मोटारींचा बाजार उदाहरणाला घेतला होता. विकणाऱ्याला मोटार कशी आहे हे माहीत असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा म्हणून सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगली मोटार विकणे परवडत नाही. ती बाजारातून निघून जाते आणि वाईट तेवढ्या राहतात. या विचाराबद्दल त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पॉवर बँकेच्या बाबतीत हेच घडते. दोन खोकी शेजारी ठेवली, एकावर २०,००० आणि ५०० रुपये, दुसऱ्यावर १०,००० आणि १,२०० रुपये, तर खरे बोलणारा मूर्ख ठरतो. त्याने टिकायचे तर त्यालाही आकडा फुगवावा लागेल किंवा दुकान बंद करावे लागेल. यावर उपाय म्हणजे घेणाऱ्याला विश्वासार्ह खूण मिळणे. नोंदणी क्रमांक, हमीपत्र, पक्के बिल या अशा खुणा आहेत. मात्र खूण वाचणारा नसेल तर तिचा उपयोग शून्य.

बिलाविषयी एक शब्द. लिथियम-आयन पॉवर बँकेवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. बिलाशिवाय घ्या, कमी करतो, असे म्हणणारा दुकानदार करही बुडवतो आणि आपला तक्रारीचा हक्कही काढून घेतो. थोडक्या रुपयांसाठी हा सौदा फायद्याचा नाही.

मग घ्यावी की नाही?

युनिटला शंभर रुपये ऐकून कोणी म्हणेल, मग घेऊच नये. तसे नाही. वाणिज्यशास्त्रात उपयोगितेचे प्रकार सांगतात : रूप उपयोगिता, स्थल उपयोगिता आणि काल उपयोगिता. पॉवर बँक वीज निर्माण करत नाही. ती वीज एका जागेवरून दुसऱ्या जागी आणि एका वेळेतून दुसऱ्या वेळेत नेते. म्हणून तिची किंमत युनिटवर ठरत नाही, त्या जागी आणि त्या वेळी वीज नसेल तर काय बिघडते यावर ठरते.

वापीहून उत्तर भारताकडे निघालेला कामगार एक-दोन रात्री गाडीत काढतो. साध्या डब्यात प्लग असला तरी गर्दीतून तेथवर हात पोहोचत नाही. मार्च २०२१ मध्ये पश्चिम रेल्वेने आगीच्या धोक्यामुळे रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंत गाडीतील चार्जिंगचे प्लग बंद ठेवण्यास सुरुवात केली होती. त्याचे तिकीट फोनमध्ये, पैसे यूपीआयमध्ये, आधार फोनमध्ये, घरचे नंबरही फोनमध्येच. फोन बंद पडला तर तो केवळ बोलण्यावाचून राहत नाही, तो पैशावाचून आणि तिकिटावाचून राहतो. त्याला पॉवर बँक हवीच. लांबच्या प्रवासासाठी २०,००० एमएएचची असावी. ती खरी असेल तर फोन जवळजवळ तीन वेळा भरते. डोंगरातल्या पाड्यावर राहणाऱ्यालाही तिचा उपयोग आहे, कारण जेथे नेटवर्क क्षीण तेथे फोन ते शोधण्यात अधिक वीज खर्चतो. त्यात पावसाळ्यात वीज गेली तर विचारायलाच नको. त्याला १०,००० पुरेल.

पण दिवसभर कॉलेजात, प्लगपासून दहा पावलांवर वावरणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांना ती खरोखर लागते का? फोन तीन-चार वर्षांचा असून दुपारीच मान टाकत असेल तर दोष बहुधा त्याच्या थकलेल्या बॅटरीचा असतो. अधिकृत दुकानात ती बदलून घेणे पुष्कळदा पॉवर बँकेइतक्याच खर्चात होते आणि खिशातले पाव किलो ओझेही वाचते.

घेतल्यानंतर

घरी आणल्यावर परत देण्याची मुदत संपण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. पॉवर बँक पूर्ण भरावी. फोन २० टक्क्यांवर आला की तिला जोडावा आणि ८० टक्क्यांवर काढावा. पुन्हा २० टक्के झाला की पुन्हा जोडावा. ५,००० एमएएचच्या फोनसाठी १०,००० ची खरी पॉवर बँक अशा दोन फेऱ्या पूर्ण करते आणि तिसरी अर्धवट सोडते. एकाच फेरीत तिने हात टेकले तर बिल घेऊन दुकानात जावे.

वापरातही थोडे पथ्य आहे. उशीखाली, गादीवर, उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नये. चार्ज होत असताना झाकू नये. फुगली, वास आला किंवा पडून चेपली तर मोह न धरता बाजूला करावी. ती केराच्या डब्यात टाकू नये आणि भंगारवाल्यालाही देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून ती संकलन केंद्रावर द्यावी.

दाद मागायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यात सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादकाला व काही प्रसंगी विक्रेत्यालाही जबाबदार धरता येते. जिल्हा आयोगापुढे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. बाराशे रुपयांसाठी कोण भांडणार, असे म्हणण्याचे कारण राहिलेले नाही.

समारोप

सारांश असा की पॉवर बँक घेताना पाच प्रश्न क्रमाने विचारावेत. मला ती खरोखर लागते का? वॉट-तास किती आणि त्यांचा तीन-चतुर्थांश माझ्या फोनला किती वेळा पुरेल? वजन आकड्याला साजेसे आहे का? नोंदणी क्रमांक अॅपमध्ये खरा ठरतो का? आणि पक्के बिल मिळते का? यांपैकी एकाही प्रश्नाला विशेष ज्ञान लागत नाही. लागतो तो गुणाकार-भागाकार आणि दुकानात दोन मिनिटे थांबण्याचा धीर.

परंतु हा धीर सर्वांना सारखा परवडत नाही. संध्याकाळी पाळी सुटल्यावर गाडीची वेळ गाठण्यासाठी धावणाऱ्या माणसाला बारीक अक्षरे वाचायला वेळ नसतो. कित्येकदा ती अक्षरे त्याच्या भाषेतही नसतात. आपण दोन-दोन, तीन-तीन भाषा वाचणारे विद्यार्थी आहोत. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा २४ डिसेंबर १९८६ रोजी झाला, म्हणून दरवर्षी तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी भाषणे होतात, निबंध लिहिले जातात. त्याऐवजी एखाद्या वर्षी वाणिज्य मंडळाने गावच्या बाजारात एक टेबल मांडावे, एक तराजू ठेवावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खोक्यावरचा क्रमांक तपासून द्यावा. पोत्यात भात किती आणि घरी तांदूळ किती येणार, हे ज्याला आधी कळते त्याला गिरणीवर कोणी फसवू शकत नाही. तेवढे कळण्यासाठी दुसऱ्याला मदत करणे, हाही आपल्या अभ्यासक्रमाचाच भाग मानला पाहिजे.